रिव्हर्स गिअर नाही? मग इंजिनासकट चाकंच उलटी फिरवा! फ्रान्सच्या चिमुकल्या गाड्यांची अजब स्टिअरिंग

गाडी रिव्हर्स कशी घ्यायची हे कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. क्लच दाबा, रिव्हर्स गिअर टाका, मागे बघा आणि हळूहळू सोडा. पण गाडीला रिव्हर्स गिअरच नसेल तर?

१९७० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्समध्ये ‘सेआब’ नावाच्या कंपनीने एक गाडी विकायला काढली होती. तिचं नाव फ्लिपर. इंजिन ५० सीसीच्या आतलं, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या लुनाच्या जातीचं. या गाडीला मागे घ्यायचं असेल तर ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवत राहायचा. चाकं आडवी व्हायची, आणखी फिरवलं की पूर्ण उलटी व्हायची. मग अ‍ॅक्सिलरेटर दिला की गाडी मागे! नुसती चाकं नव्हे, त्यांच्यावर बसवलेलं इंजिनसुद्धा सोबत फिरायचं.

हे वाचून हसू येणं साहजिक आहे. पण ही गाडी कुणा वेड्या माणसाची करामत नव्हती. साधारण ऐंशी वर्षं फ्रान्समधले कारागीर आणि इंजिनिअर एकच कोडं वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवत होते, आणि फ्लिपर हे त्यातलंच एक उत्तर. कोडं असं, की गाडी वळवायची कशी, आणि तीही कमीत कमी पैशांत?

आधी मुळात गाडी वळते कशी?

लहान मुलं फळीला चार चाकं लावून गाडा बनवतात तो आठवा. पुढची दोन चाकं एका आडव्या दांड्याला असतात, दांड्याच्या मधोमध एक खिळा आणि दोन टोकांना दोरी. डावीकडची दोरी ओढली की अख्खा दांडा डावीकडे फिरतो. उसाच्या ट्रॉलीचा पुढचा अ‍ॅक्सलही असाच फिरत्या तबकडीवर असतो. घोडागाड्या शतकानुशतकं अशाच वळायच्या.

यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे दांडा फिरला की पुढची चाकं गाडीखाली सरकतात आणि गाडीचा पाया अरुंद होतो. जोरात वळलात तर उलटण्याची भीती. दुसरी अडचण जास्त त्रासदायक आहे. समजा एक चाक मधल्या खिळ्यापासून दीड फुटावर आहे आणि ते दगडावर आपटलं. तो धक्का दीड फुटाच्या पहारीसारखा काम करतो आणि अख्खा दांडा गर्रकन फिरवतो. ड्रायव्हरच्या हातातून स्टिअरिंग निसटलंच म्हणून समजा.

यावर उपाय मोटारगाडीच्याही आधी निघाला होता. म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने प्रत्येक चाकाला स्वतःची वेगळी खुंटी दिली. त्याचा लंडनमधला एजंट अ‍ॅकरमन याने १८१८ मध्ये पेटंट घेतलं, आणि आजही जग त्याला अ‍ॅकरमन स्टिअरिंग म्हणतं. शोध एकाचा, नाव दुसऱ्याचं! फ्रान्समध्ये शार्ल जांतो याने १८७८ मध्ये त्यातली भूमिती आणखी पक्की केली, कारण वळताना आतलं चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळावं लागतं. आता खुंटी चाकापासून दीड फुटावर नाही, दोन इंचांवर आली. तोच दगड, तोच धक्का, पण हाताला बसणारा हिसका नवव्या हिश्श्यावर.

म्हणजे योग्य उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मग फ्रेंच लोक उलटसुलट प्रयोग का करत बसले? कारण योग्य उत्तराला जास्त सांधे, जास्त दांड्या आणि जास्त पैसे लागतात.

हँडल, सुकाणू आणि ‘सासूमार’ गाडी

गोल स्टिअरिंग व्हील सुरुवातीपासून होतं असं आपल्याला वाटतं. तसं नाही. पहिल्या मोटारींना बहुधा होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा असायचा. १८९४ च्या पॅरिस ते रूआँ स्पर्धेत आल्फ्रेड वाशेराँ याने आपल्या पानहार्ड गाडीला गोल चाक लावलं, आणि हा गोल स्टिअरिंगचा अगदी सुरुवातीचा वापर मानला जातो.

त्यानंतरही काही जणांनी दांडा सोडला नाही. दक्षिण-पश्चिम फ्रान्समधल्या आजां गावी ‘ला नेफ’ नावाची तीनचाकी बनायची. नेफ म्हणजे जहाज. पुढे एकच चाक आणि त्याला जोडलेला लांबच लांब दांडा थेट ड्रायव्हरच्या हातात. नाव अगदी शोभतं. गाडी चालवताना माणूस नावाडीच वाटायचा.

याच काळातली ल माँ शहरातल्या लिऑन बोलेची तीनचाकी. लहान गाडीसाठी ‘व्हॉइच्युरेट’ हा शब्द त्यानेच रूढ केला. पुढे दोन चाकं, मागे एक. ड्रायव्हर मागे बसायचा आणि प्रवासी त्याच्या पुढे, दोन चाकांच्या मध्ये, अगदी उघड्यावर! एका हातात छोटं स्टिअरिंग चाक. दुसऱ्या हातातला दांडा मागचं चाक पुढे-मागे सरकवायचा. मागे सरकलं की पट्टा ताणला जाऊन गाडी चालायची, पुढे सरकलं की पट्टा सैल व्हायचा आणि चाक लाकडी ठोकळ्यावर घासून ब्रेक लागायचा. धडक झालीच तर आधी कुणाला लागणार हे उघड होतं, म्हणून फ्रेंच लोकांनी या गाडीला थट्टेने नाव दिलं ‘सासूमार’. (सासूविषयीचे विनोद सगळीकडे सारखेच दिसतात.)

बेडेलिया: दोरीवर चालणारी गाडी

१९१० साली पॅरिसमध्ये रोबेर बुर्बो आणि आंरी दव्हो या दोन तरुणांनी एक गाडी बनवली. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं ब आणि ड, फ्रेंच उच्चार बे आणि दे, म्हणून नाव बेडेलिया. मोटारसायकलचं इंजिन, पट्ट्यावर चालणारी मागची चाकं आणि लाकडाची लांबट अरुंद पेटी. दोन माणसं एकामागे एक बसायची, आणि ड्रायव्हर इथेही मागे.

आता ड्रायव्हर मागच्या टोकाला आणि वळणारी चाकं पुढच्या टोकाला. मध्ये इंजिन आणि प्रवासी. एवढ्या अंतरात दांड्या, सांधे आणि गिअर बसवायचे तर खर्च आणि वजन दोन्ही वाढणार. बुर्बोने काय केलं? सरळ पोलादी तार वापरली. स्टिअरिंगच्या दांड्याला तार गुंडाळली आणि तिची दोन टोकं पुढच्या अ‍ॅक्सलला बांधली. अ‍ॅक्सल मधल्या खुंटीवर फिरणारा, म्हणजे मुलांच्या गाड्यासारखाच. अ‍ॅकरमनचं पेटंट होऊन ९२ वर्षं झाली होती बरं का!

तारेचं गणित साधं आहे. नवी असताना घट्ट, वापरून वापरून सैल. सैल झाली की स्टिअरिंग थोडं फिरवूनही चाक जागचं हलत नाही. तार तुटली तर काय होईल हे सांगायला नको. शिवाय मधल्या खुंटीमुळे दगडाचा प्रत्येक धक्का थेट हातात.

तरीही बेडेलिया खपली, कारण ती खऱ्या मोटारीपेक्षा कितीतरी स्वस्त होती. मोटारसायकल आणि मोटार यांच्या मधल्या अशा गाड्यांना ‘सायकलकार’ म्हटलं जाऊ लागलं आणि १९१२ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांची रीतसर व्याख्याही केली. १९१३ मध्ये आमियाँ इथल्या सायकलकार ग्राँ प्रीमध्ये तर मोठी गंमत झाली. रेषा आधी पार केली इंग्लंडच्या मॅकमिनीजने, मॉर्गन तीनचाकीतून. मग फ्रेंच बाजूने मुद्दा काढला की तीन चाकांची ही सायकलकार नाहीच, हिला साइडकारवाल्यांत धरा. आणि विजेती ठरली चारचाकी बेडेलिया! तारेवरची गाडी कागदावर जिंकली. इंग्रज अर्थातच हे मानायला तयार नव्हते.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारनेही हातभार लावला. १९२० पासून वजन ३५० किलोच्या आत, इंजिन ११०० सीसीपर्यंत आणि जास्तीत जास्त दोन माणसं, असं असेल तर कर कमी. आता प्रत्येक किलोला किंमत आली. स्टिअरिंगमधला एक सांधा कमी म्हणजे वजन कमी, आणि त्याच वजनावर कराची सवलत ठरायची.

एलिका: पुढे पंखा, मागे सुकाणू

या सगळ्यांत डोकं चक्रावून टाकणारी गाडी म्हणजे मार्सेल लेयाची एलिका. लेया मूळचा विमानवाला. त्याच्या मते विमानाचे पंख काढून टाकले की उरलेला भाग उत्तम मोटारगाडी होतो. प्लायवुडची अंड्यासारखी बॉडी, वजन साधारण २५० किलो, आणि नाकावर चक्क विमानाचा लाकडी पंखा. चाकांना इंजिन जोडलेलंच नाही. पंखा हवा मागे ढकलतो आणि गाडी पुढे जाते. क्लच नाही, गिअरबॉक्स नाही.

१९१९ ते १९२५ दरम्यान अशा साधारण तीस गाड्या बनल्या. १९२७ मध्ये माँलेरीच्या ट्रॅकवर एका एलिकाने ताशी १७० किलोमीटरच्या आसपास वेग गाठला.

लोक पंख्याबद्दल बोलतात, पण आपला विषय स्टिअरिंग आहे. एलिका वळायची मागच्या चाकांनी! पुढच्या चाकांना ब्रेक आणि मागची चाकं तारांनी फिरवायची. विमानाचं सुकाणू शेपटीला असतं, तेव्हा विमानवाल्याला हे नैसर्गिकच वाटलं असणार.

मागच्या चाकांनी वळण्यात बिघडतं काय? फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या कुणालाही विचारा, तो लगेच सांगेल. तुमची गाडी भिंतीला खेटून उभी आहे आणि तुम्हाला भिंतीपासून दूर जायचं आहे. नेहमीच्या गाडीत पुढची चाकं बाहेर वळवा आणि निघा. मागच्या चाकांनी वळणारी गाडी मात्र नाक बाहेर काढण्यासाठी आधी शेपटी भिंतीवर घासते. वळणाच्या उलट दिशेला आधी मागचा भाग झुकतो, मग गाडी वळते.

संथ वेगात ही फक्त गैरसोय. वेगात मात्र जिवाशी खेळ. ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात. नेमकी त्याच क्षणी ज्यांच्यावर गाडीची दिशा अवलंबून आहे त्याच चाकांची रस्त्यावरची पकड कमी होते. पुढच्या चाकांनी वळणारी गाडी घसरली तर बहुधा सरळ जायला बघते. मागच्या चाकांनी वळणारी घसरली तर ती गरगर फिरायला बघते. फोर्कलिफ्ट गोदामात माणसाच्या चालीने फिरतं म्हणून त्याला हे चालून जातं.

मागची चाकं वळवण्याची कल्पना पूर्ण चुकीची मात्र नव्हती. २००८ च्या सुमारास रेनॉने लगुना जीटी गाडीत चारही चाकं वळवणारी यंत्रणा दिली. त्यात मागची चाकं फक्त साडेतीन अंशांपर्यंत वळतात. ताशी ६० किलोमीटरच्या खाली पुढच्या चाकांच्या उलट दिशेला, त्यावरच्या वेगात त्याच दिशेला. हे सगळं कॉम्प्युटर ठरवतो. लेयाच्या हातात नुसती तार होती.

दोन चाकांची मोटार, तिला गोल स्टिअरिंग

१९२० च्याच दशकात फ्रान्समध्ये ‘मोनोत्रास’ बनू लागली. मूळ कल्पना जर्मनीतल्या माउझर कंपनीच्या गाडीची. ही दिसायला मोटार, एकामागे एक दोन सीट, ५१० सीसीचं एक सिलिंडर, आणि चाकं फक्त दोन. गाडी थांबली की पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना छोटी आधाराची चाकं खाली सोडायची, निघाली की वर उचलायची. मुलांच्या सायकलला लावतात तशी.

गंमत अशी की चालवायला हँडल नव्हे, मोटारीसारखं गोल स्टिअरिंग होतं. आता दुचाकी चालवणाऱ्यांनी एक गोष्ट पडताळून बघा. वेगात असताना उजवीकडे वळायचं असेल तर आपण नकळत हँडल क्षणभर डावीकडे ढकलतो. त्यामुळे गाडी उजवीकडे झुकते आणि मग वळते. हे आपलं शरीर शिकलेलं असतं, डोक्याला पत्ताही नसतो. पण हातात गोल स्टिअरिंग आलं की तेच शरीर ‘ही मोटार आहे’ असं समजून वागणार. सगळ्या यादीत मला चालवायला सर्वांत भीती वाटेल अशी गाडी हीच.

युद्धानंतरची चणचण

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासं झालं. शार्ल मोशेची पायडल मारून चालवायची चारचाकी ‘व्हेलोकार’ तेव्हा कामाला आली. युद्ध संपल्यावर त्याच्या मुलाने, जॉर्ज मोशेने, तशाच छोट्या गाड्यांना १२५ सीसीपर्यंतची इंजिनं लावली. एवढ्या छोट्या इंजिनाच्या गाडीला मोटारीचं लायसन्स लागत नसे, आणि हाच त्यांचा सगळ्यात मोठा गुण.

पॅरिससारख्या शहरात घरं जुनी, दारं अरुंद, गाडी ठेवायला जागा नाही. रोबेर आनवाये याने उपाय काढला. त्याच्या तीनचाकी गाडीची पुढची दोन्ही चाकं दुमडून आत घेता यायची, म्हणजे गाडी अंगणाच्या अरुंद दारातून ढकलत आत नेता येईल. गाडीचं नाव ठेवलं रेयोना. हे त्याचंच आडनाव, रोमन अक्षरांत उलटं लिहिलेलं! दुमडणारी चाकं आणि वळणारी चाकं ही एकच असल्यामुळे सगळी सांधेजोड दोन्ही कामं करेल अशी बनवावी लागली. अशा गाड्या अगदी मोजक्याच बनल्या.

मग १९५५ मध्ये आली व्हेलाम. इटलीची इसेटा ही अंड्यासारखी गाडी पुढे जर्मनीत बीएमडब्ल्यूने प्रसिद्ध केली, तिचीच ही फ्रेंच बहीण. पॅरिसजवळच्या स्युरेन इथे जुन्या टॅल्बो कारखान्यात साधारण सात हजार बनल्या. इसेटाला एकच दार, तेही नाकावर, फ्रिजच्या दारासारखं उघडणारं. मग स्टिअरिंग कुठे बसवणार? ते तर दारातच येतं! म्हणून स्टिअरिंगचा दांडा दाराला जोडला आणि खाली सांधा दिला. दार उघडलं की स्टिअरिंग दारासोबत बाहेर झुलतं आणि तुम्ही चालत आत शिरता. व्हेलामवाल्यांनी यावर आणखी एक कडी केली. स्पीडोमीटर त्यांनी थेट स्टिअरिंगच्या मधोमध बसवला.

पण समोरून धडक बसून दार अडकलं तर? बाहेर पडायला छतावरचं कापडी झाकण उघडायचं. शिवाय ड्रायव्हरचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये होतं ते एक पत्र्याचं दार आणि त्याला लटकलेलं स्टिअरिंग.

पुन्हा फ्लिपरकडे

आता फ्लिपर नीट समजेल. मोपेडच्या इंजिनाला रिव्हर्स गिअर नसतो, कारण मोपेड पायाने ढकलून मागे घेता येते. हेच इंजिन छोट्या मोटारीत घातलं की प्रश्न उभा राहतो. जर्मनीच्या मेसरश्मिट केआर २०० मध्ये टू-स्ट्रोक इंजिन बंद करून चक्क उलटं फिरवत सुरू करायचे, म्हणजे पुढे जितके गिअर तितकेच मागे. सेआबने दुसरा मार्ग घेतला. इंजिन, ट्रान्समिशन आणि पुढची दोन्ही चाकं एकाच फिरत्या तबकडीवर बसवली आणि अख्खा संच ३६० अंशांत फिरेल असं केलं. फ्रान्समध्ये हे अगदीच नवं नव्हतं. १९४६ पासून विकल्या जाणाऱ्या व्हेलोसोलेक्स सायकलीचं इंजिन पुढच्या चाकावरच असायचं आणि हँडलसोबत वळायचं.

म्हणजे घोडागाडीचा जुना फिरता दांडाच परत आला? हो, पण एक फरक आहे. फ्लिपरची पुढची चाकं एकमेकांच्या अगदी जवळ होती. मधल्या खुंटीपासून चाक जितकं जवळ तितका दगडाचा हिसका कमी. बेडेलियाचा एक दोष असा गेला. दुसरा मात्र वाढला. पुढचा पाया अरुंद झाल्याने गाडी जवळपास तीनचाकीसारखी उभी राहायची.

पार्किंगमध्ये मात्र हिला तोड नव्हती. चाकं ९० अंशांत आडवी करा, अ‍ॅक्सिलरेटर द्या, आणि गाडीचं नाक आडवं सरकतं. गाडी मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याभोवती जागच्या जागी फिरते, मागचं एक चाक पुढे आणि दुसरं मागे गडगडतं. आणखी ९० अंश फिरवा, गाडी मागे. अशी उलटी जाताना स्टिअरिंग डावी-उजवीकडे चुकीचं वळत असेल असं वाटतं ना? कागदावर बाण काढून बघा. उजवीकडे फिरवलं की नाक डावीकडे जातं, म्हणजे तुमच्या-आमच्या गाडीत रिव्हर्स घेताना होतं अगदी तसंच.

धोका वेगात होता. साध्या गाडीत पुढची चाकं ठरावीक कोनापुढे वळूच शकत नाहीत. इथे घाबरून गच्चकन स्टिअरिंग फिरवलं तर चाकं आडवी होईपर्यंत थांबवणारं काही नाही. कमी ताकदीचं इंजिन आणि ताशी ४५ किलोमीटरच्या आसपासची मर्यादा, एवढंच काय ते संरक्षण. आणि या बिनलायसन्सच्या गाड्या चालवत कोण होतं? खेड्यातले म्हातारे, ज्यांनी कधी मोटार शिकलीच नाही असे लोक, आणि दारू पिऊन चालवल्यामुळे लायसन्स गमावलेलेही. नवख्या हातांत सगळ्यात वेगळं स्टिअरिंग! (फ्लिपर हा शब्द फ्रेंचमध्ये पिनबॉलच्या खेळासाठी वापरतात. जमिनीवर गोळीसारखी उसळत फिरणारी गाडी डोळ्यांपुढे आणा.)

१९८० मध्ये फॉर्म्युला वनवाल्या लिजिए कंपनीनेही जेएस४ ही बिनलायसन्सची छोटी गाडी आणली, पण तिचं स्टिअरिंग नेहमीचंच होतं. पुढे सगळ्यांनी तेच केलं. बिनलायसन्सच्या गाड्या मात्र संपल्या नाहीत. १ जानेवारी १९८८ च्या आधी जन्मलेल्यांना फ्रान्समध्ये या वर्गातल्या गाडीसाठी आजही लायसन्स लागत नाही, आणि २०१४ पासून १४ वर्षांची मुलं छोटं प्रशिक्षण घेऊन ती चालवू शकतात. २०२० मध्ये आलेली इलेक्ट्रिक सित्रोएन अमी हीच परंपरा पुढे नेते. तिच्यातही काटकसर आहे, पण ती दारांत. डावं आणि उजवं दार एकाच साच्यातलं, त्यामुळे एक पुढून उघडतं आणि दुसरं मागून. स्टिअरिंगला मात्र कुणी हात लावलेला नाही.

पॅरिसला कधी गेलात तर आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्युझियममध्ये, म्हणजे म्युझे दे आर ए मेतिएमध्ये, एक खरी एलिका बघायला मिळेल. अमेरिकेत नॅशव्हिलच्या लेन मोटर म्युझियममध्ये तिची चालणारी प्रतिकृती आहे. ती रस्त्यावर धावतानाचे व्हिडिओ इंटरनेटवर आहेत. बघताना पंख्याकडे नको, वळणावर मागच्या चाकांकडे लक्ष ठेवा.